चेहरा : एक अमानत

आमच्या दादीचे घरात एकच छायाचित्र आहे. १९८०च्या दशकात ती हजला निघाली तेव्हा अर्जाला लावण्यासाठी ते काढले. मुंबईहून जेद्दाला त्या काळी बोटी जात. ती सागरी वाट १९९५ साली बंद झाली. तसवीर काढणे जायज की नाजायज यावर घरातल्या थोरल्यांचे तोवर एकमत नव्हते. हजच्या कागदाला फोटो लागतो म्हटल्यावर तो वाद कुणी न मिटवता मिटला. तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत दादीला स्टुलावर बसवले. मागच्या पडद्यावर कारंजे आणि संगमरवरी जिना रंगवलेला होता. फोटोवाल्याने तो पडदा वर गुंडाळला, पांढरी चादर सोडली आणि अदबीने म्हणाला, "आजी, पदर जरा मागं घ्या. कपाळ दिसू द्या."

दादीने पदर दोन बोटे मागे घेतला आणि विचारले, "ये फोटू कां-कां जाएंगा, बाबा?"

हा फोटो कुठे कुठे जाणार? फोटोवाला हसला. "कुठं जातोय आजी, सरकारी कागदाला लागणार," असे म्हणून त्याने बटण दाबले.

त्या छायाचित्रात दादीचे डोळे किंचित विस्फारलेले आहेत. ओठ मिटलेले, एक खांदा नकळत वर उचललेला. घरात ते कुणालाच आवडत नाही. 'दादी अशी नव्हती' असेच सगळे म्हणतात, आणि ते खरेही आहे. जिने चार सुना आणि मोहल्ल्यातली अर्धी भांडणे सांभाळली ती बाई बिचकणारी नव्हती. तरीही वय वाढत गेले तसे आम्हाला वाटू लागले की हे छायाचित्र खोटे नाही. उत्तर न मिळालेला एक प्रश्न त्या चेहऱ्यावर थांबून राहिला आहे. माणसाची असुरक्षितता टिपणाऱ्या व्यक्तिचित्रणात्मक छायाचित्रणाकडे पाहताना आम्ही दादीचा तोच प्रश्न हाताशी धरणार आहोत.

आमच्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओंनी असुरक्षितता झाकण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. तिथे कोट आणि टाय टांगलेले असत, आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा असे. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसले जात. या सगळ्याला हसणे सोपे आहे. आम्हाला तसे हसावेसे वाटत नाही. ज्याला आयुष्यभर मान खाली घालून उभे राहावे लागते त्याला एका फोटोपुरते ताठ बसावेसे वाटले तर त्यात खोटेपणा कसला? रंगवलेला तो जिना गरिबाच्या इज्जतीचा जिना होता.

पुढे काही छायाचित्रकारांनी मात्र उलटी वाट धरली. चेहऱ्यावरचे अवसान गळून पडते तो क्षण पकडायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांत नेदरलँड्सच्या रिनेके डायक्स्ट्रा यांचे नाव आम्ही आदराने घेतो, कारण त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. १९९० साली सायकलच्या अपघातात त्यांच्या कमरेच्या हाडाला इजा झाली आणि उपचार म्हणून त्या पोहू लागल्या. १९९१च्या जूनमध्ये ॲमस्टरडॅमच्या एका तरणतलावावर, पोहून दमछाक झालेल्या अवस्थेत, त्यांनी स्वतःचे छायाचित्र काढले. शरीर इतके थकलेले होते की मुद्रा धारण करण्याइतके त्राणच उरले नव्हते. मुखवटा उतरवण्यासाठी माणसाला अपमानित करावे लागत नाही, थकवा किंवा नुसता वेळही ते काम करतो, हे त्यांना तिथे गवसले असावे असे आम्हाला वाटते.

पुढच्या वर्षापासून त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या कुमारवयीन मुलामुलींची छायाचित्रे काढली. अमेरिकेत, पोलंडमध्ये, युक्रेनमध्ये, क्रोएशियात. तिवईवर उभा केलेला मोठा, जड कॅमेरा, दिवसाउजेडीही वापरलेला फ्लॅश आणि समोर पोहण्याच्या कपड्यात एकटे उभे राहिलेले पोर. असा कॅमेरा मांडायला वेळ लागतो. त्या वेळात पोराने आधी घेतलेला पवित्रा ढिला पडतो. हात कुठे ठेवावेत हे कळेनासे होते. १९९२च्या जुलैमध्ये पोलंडमधल्या कोवोब्झेग इथे काढलेली हिरव्या पोहण्याच्या पोशाखातली मुलगी पाहावी. एका बाजूला कललेले अंग, सडपातळ हात आणि मागे करडा समुद्र. पाहणाऱ्यांना ती बोत्तिचेल्लीच्या चित्रातल्या व्हीनसची आठवण करून देते. चित्रातल्या देवतेला आपल्या देहाची खात्री आहे, या मुलीला ती नाही. पण कॅमेरा थोडा खालून पाहतो, त्यामुळे ती अवघडलेली पोर आभाळाइतकी उंच दिसते. इथे अवघडलेपणाची टिंगल नाही, त्याला उंची दिली आहे.

हे सारे आम्हाला आवडते, आणि तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते. या मुलांची असुरक्षितता वयाची आहे. ती चार-दोन वर्षांत ओसरेल. हजारो किनाऱ्यांवरची हजारो मुले तशीच अवघडून उभी असतात, म्हणून त्या चित्रांत पाहणाऱ्याला आपलेच कुमारवय दिसते. पण जी असुरक्षितता वयाने नाही, सत्तेने दिलेली आहे, तिचे काय? जिथे समोरच्याला स्टुलावरून उठून जाण्याची मुभाच नसते तिथे छायाचित्राचा अर्थ बदलतो. या प्रश्नाने आम्हाला अल्जीरियाकडे नेले.

मार्क गारांजे हा तरुण फ्रेंच छायाचित्रकार १९६० साली सक्तीच्या लष्करी सेवेत अल्जीरियाला पाठवला गेला. स्वातंत्र्ययुद्ध १९५४ पासून सुरू होते. खेड्यापाड्यांतली माणसे उठवून सैन्याच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत आणली गेली होती आणि त्यांना ओळखपत्रे द्यायचे ठरले होते. गारांजेला हुकूम मिळाला. सुमारे दहा दिवसांत त्याने जवळपास दोन हजार माणसांची छायाचित्रे काढली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. उघड्यावर एक स्टूल, मागे घराची पांढरी भिंत. ज्या स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर कधी चेहरा उघडला नव्हता त्यांना सैनिकांच्या देखत नकाब काढायला लावला. काहींचे केसही मोकळे झालेले दिसतात.

ही छायाचित्रे पुढे १९८२ साली पुस्तकरूपाने आली. ती पाहताना पहिली अपेक्षा अशी असते की बेपर्दा केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर लाज दिसेल, भीती दिसेल. काही चेहऱ्यांवर ती आहेही. पण पान उलटता उलटता ध्यानात येते की बहुतेक जणी सरळ कॅमेऱ्याकडे बघत आहेत. त्यांच्या नजरेत तिरस्कार आहे. चेहरा उघडला, पण नजर ताब्यात आली नाही. लष्कराला हवे होते ओळखपत्र. कॅमेऱ्याने नोंदवून ठेवला तो निषेध. गारांजे स्वतः या युद्धाच्या विरोधात होता आणि त्या नजरांचा अर्थ त्याने जाणला होता. म्हणूनच १९६१ साली त्याने त्यातली काही छायाचित्रे स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध करवली. त्याच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही.

पण दादीचा प्रश्न इथे विचारून पाहावा. ही छायाचित्रे कुठे कुठे गेली? आधी सैन्याच्या दप्तरात गेली, मग युरोपातल्या नियतकालिकांत, मग प्रदर्शनांत आणि पुस्तकांत. सैन्याने त्या स्त्रियांना विचारले नव्हते, आणि सैन्याचा निषेध करण्यासाठी ती छापली गेली तेव्हाही त्यांना कुणी विचारले नाही. जुलमाचा पुरावा म्हणून जगासमोर मांडतानाही त्यांचा चेहरा दुसऱ्यांदा उघडाच केला गेला. २००४ साली गारांजे ती छायाचित्रे घेऊन अल्जीरियाला परत गेला आणि त्यातल्या काही स्त्रियांना भेटला. काहींजवळ स्वतःचे दुसरे छायाचित्रच नव्हते. तरुणपणीचा आपला चेहरा त्यांना परत मिळाला तो चव्वेचाळीस वर्षांनी, आणि तोही हुकमावरून काढलेला. गारांजेच्या या परत जाण्याला आम्ही मोल देतो. अमानत उशिरा पोचली, तरी पोचवणारा निघाला हेही काही थोडे नाही.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग या निर्वासितांच्या छावणीत, शाळेच्या तंबूत, अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मकरी याने एका अफगाण मुलीचे छायाचित्र काढले. १९८५च्या जूनमध्ये ते 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर आले. हिरवट डोळे, विरलेली तांबडी ओढणी आणि एक अशी नजर, की पाहणारा नजर काढू शकत नाही. जगभर ते भिंतींवर लागले. निर्वासितांच्या व्यथेचे प्रतीक म्हणून त्याचा गौरव झाला. पुढची सतरा वर्षे मुलीचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. २००२ साली शोध लागला तेव्हा ती तीन मुलींची आई होती. नाव होते शरबत गुला. आपले छायाचित्र तिने तोवर पाहिलेले नव्हते. ती तीच आहे याची खात्री तिच्या डोळ्यांच्या बुबुळांची जुन्या छायाचित्राशी यंत्राने तुलना करून पटवली गेली.

त्या नजरेला आजवर कितीतरी नावे दिली गेली. भय, धिटाई, युद्धाची छाया. तिने स्वतः जे सांगितले ते फार साधे होते. परक्या पुरुषाने फोटो काढला म्हणून तिला राग आला होता. ज्याला जगाने एका देशाची व्यथा मानले तो एका मुलीचा साधा, न्याय्य राग होता. टीकाकार म्हणून आम्हाला हा प्रसंग फार शिकवून जातो. चेहऱ्यावरची असुरक्षितता वाचताना आपण बहुधा आपल्याला हवे तेच वाचतो. चेहऱ्याच्या मालकाला विचारले तर अर्थ बदलतो. पण विचारायचे राहून जाते.

पुढचे तर अधिकच विदारक आहे. २०१६ साली हीच शरबत गुला पेशावरात पकडली गेली. आरोप होता बनावट ओळखपत्र बाळगल्याचा. तुरुंगवासानंतर तिला अफगाणिस्तानात परत पाठवले गेले, आणि २०२१ साली काबूलची सत्ता पालटल्यावर इटलीने तिला आश्रय दिला. जिचा चेहरा सारे जग ओळखत होते तिच्याजवळ स्वतःची ओळख पटवणारा धड कागद नव्हता. प्रसिद्धीने तिला सुरक्षितता दिली नाही. छायाचित्र अजरामर झाले आणि बाई तंबूतून तंबूत, देशातून देशात जात राहिली.

परदेशातली उदाहरणे देऊन आम्ही घरचा प्रश्न टाळत आहोत असे वाटायला नको. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत रॉयटर्सचे छायाचित्रकार अर्को दत्ता यांनी काढलेले ते छायाचित्र वाचकांच्या डोळ्यांसमोर आता आलेच असेल. हात जोडून जीव वाचवण्याची याचना करणारा, डोळ्यांत पाणी आलेला एक तरुण शिंपी. त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. इथे आम्ही ते मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या चित्रापासून आपल्याला सोडवा असे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. ते छायाचित्र निघाले नसते तर त्या दिवसांची भीषणता जगाला इतकी थेट कळली नसती, हे आम्ही मान्य करतो. आगीच्या समोर उभे राहून कुणी परवानगीचा कागद पुढे करीत नाही. छायाचित्रकाराने आपले काम केले, आणि ते धाडसाचे होते.

पण नंतर काय झाले? तो माणूस पोटासाठी आपल्या मालेगावला आला तर छायाचित्र त्याच्या आधी तिथे पोचले होते. ओळख पटली आणि कामही गेले. २००३ साली तो कोलकात्याला गेला, पुढे पुन्हा आपल्या शहरात परतला. निवडणुका आल्या की त्याचे जोडलेले हात जाहिरातीत झळकू लागत. कुणी ते त्याच्या बाजूने म्हणून छापले, कुणी त्याच्यासारख्यांना धाक घालण्यासाठी वापरले. त्याला विचारून कुणीच छापले नाही. आयुष्यातल्या सर्वांत अगतिक क्षणी दिसलेला चेहरा आयुष्यभर मिरवावा लागणे ही एक वेगळीच शिक्षा आहे. तो क्षण संपल्यावर तो माणूस कपडे शिवतो, मुले वाढवतो, हसतो. हसणाऱ्या त्या माणसाचे छायाचित्र आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे?

म्हणजे दुखावलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र काढूच नये काय? आम्ही असे म्हणत नाही. फझल शेख या छायाचित्रकाराचे काम पाहिल्यावर तर असे म्हणताच येणार नाही. त्यांचा जन्म १९६५ साली न्यूयॉर्कला झाला. त्यांच्या आजोबांचे घराणे उत्तर हिंदुस्थानातून केनियात गेलेले. १९९२ साली केनियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत ते गेले तेव्हा बातमीदारांचे तांडे येऊन जात होते. शेख मागे राहिले. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलून, त्यांच्या संमतीने त्यांनी छायाचित्रे काढली. प्रत्येक छायाचित्राखाली समोरच्या माणसाचे नाव येते. 'निर्वासित स्त्री' असे मोघम लिहून ते मोकळे होत नाहीत. नाव लिहिणे ही वरवर किती किरकोळ बाब वाटते! पण ज्यांची गणती फक्त आकड्यांत होते त्यांना नाव परत देणे हे छायाचित्रणातले फार मोठे काम आहे.

अफगाण निर्वासितांवरचे त्यांचे पुस्तक १९९८ साली आले. त्यात काही छायाचित्रे अशी आहेत की चेहरा दिसतच नाही. नुसता तळहात दिसतो, आणि त्यावर ठेवलेले मेलेल्या किंवा हरवलेल्या मुलाचे, भावाचे पासपोर्ट आकाराचे छोटे छायाचित्र. ते आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा पुस्तक मिटून घेतले. कागदासाठी, कचेरीसाठी काढलेला तो फोटो, ज्यात कुणालाही नीट दिसता येत नाही, तोच घरच्यांजवळ शेवटी उरतो. आमच्या घरातही तेच झाले. शेख यांनी दुःख दाखवण्यासाठी रडणारा चेहरा मागितला नाही. आपल्या माणसाचा चेहरा कुणाला आणि कसा दाखवायचा, हे त्यांनी त्या माणसांच्याच हातात ठेवले. अक्षरशः हातात.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. दयानिता सिंग यांचे 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. मोना अहमद ही जुन्या दिल्लीतली, तुर्कमान गेटकडे राहणारी हिजडा. १९८९ साली दयानिता सिंग एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी हिजड्यांवर छायाचित्रे काढायला गेल्या आणि मोनाशी गाठ पडली. मोनाने फोटो काढू दिले. बोलता बोलता तिला कळले की ही छायाचित्रे इंग्लंडमध्ये छापली जाणार. तिथे तिचे नातलग होते. तिने फिल्मचा रोळ परत मागितला. दयानिता सिंग यांनी तो दिला आणि मोनाने तो कचऱ्यात टाकला.

आमच्या मते या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र ते आहे जे कचऱ्यात गेले. मोनाने विचारलेला प्रश्न अगदी दादीचाच होता. फरक इतकाच की इथे तो ऐकला गेला. फोटोवाला हसला नाही. त्या दिवशी एक काम बुडाले आणि तिथून सुरू झालेली मैत्री २०१७ साली मोनाच्या मृत्यूपर्यंत टिकली.

नंतरची सारी छायाचित्रे त्या परत दिलेल्या रोळाच्या भरवशावर उभी आहेत. मोनाने एक मुलगी दत्तक घेतली होती. तिच्या वाढदिवसांना मोनाने दिलेल्या दावती, नाच, मुलीला उराशी धरलेली मोना. मग ती मुलगी तिच्यापासून तुटली. मोना दारूत बुडाली, आपल्या जमातीतूनही बाहेर पडली आणि कबरस्तानात घर करून राहू लागली. पाळलेली जनावरे, कबरी आणि मध्ये मोना. हे सारे इतके करुण आहे की दुसऱ्या कुणाच्या हाती ते सहज तमाशा झाले असते. इथे तसे होत नाही, कारण पुस्तकात मोना स्वतः बोलते. प्रकाशकाला तिने लिहवून घेतलेली पत्रे छायाचित्रांबरोबर छापली आहेत. त्यांत ती तक्रार करते, बढाया मारते, रुसते, आपली बाजू मांडते. पुस्तकाच्या नावातही 'मी' आधी येतो. असुरक्षित माणूस हा नेहमी केविलवाणाच असतो हा आपला समज मोना पानापानाला मोडते. ती एकाकी आहे आणि दिमाखदारही आहे. दुखावलेली आहे आणि दुखावणारीही. २०१३ साली दयानिता सिंग यांनी तिच्यावर एक हलते चित्र केले, ते व्हेनिसच्या कलामहोत्सवात दाखवले गेले. त्यात मोना पडून राहिली आहे, गाणे ऐकते आहे, बाकी काहीच घडत नाही. चोवीस वर्षांच्या सोबतीनंतर कॅमेऱ्याला काही घडवून आणण्याची गरज उरली नव्हती.

आमचा एक आक्षेप मात्र आहे. मोना किती विश्वासाने बोलली तरी पुस्तक परदेशात छापले गेले आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांतले फार थोडे तिच्या गल्लीत कधी आले असतील. मैत्रीने दोन माणसांमधले अंतर कमी होते, दोन वर्गांमधले होतेच असे नाही. हे दयानिता सिंग यांना कळत नसेल असे आम्ही मानत नाही. पण वाचकाने ते विसरू नये.

डायक्स्ट्रा यांच्याच एका मालिकेने आम्हाला या वळणावर थोडा दिलासा दिला. १९९४च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे, आश्रय मागणाऱ्यांच्या केंद्रात, त्यांनी बोस्नियातून आलेल्या अल्मेरिसा नावाच्या लहान मुलीचे छायाचित्र काढले. ठेवणीतले कपडे घालून ती खुर्चीवर बसली आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत. अधांतरी लोंबत आहेत. युद्धाचे एकही चिन्ह चित्रात नाही. तरीही निर्वासितपणाचे याहून नेमके चित्र आम्ही क्वचितच पाहिले असेल. तिथेच थांबल्या असत्या तर अल्मेरिसाही शरबत गुलासारखी एका क्षणात कायमची अडकली असती. पण डायक्स्ट्रा परत गेल्या. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा गेल्या. २००८ पर्यंत अकरा छायाचित्रे झाली. पाय हळूहळू खाली येतात, टेकतात. पोशाख बदलतो, केस बदलतात, बसण्यात ऐट येते. अखेरच्या चित्रात तिच्या मांडीवर तिचे बाळ आहे.

निर्वासित पोर युरोपात कशी सुखाने मिसळली, ही त्या खंडाला आवडणारी गोष्टच या मालिकेतून सांगितली जाते, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ज्यांना आश्रय नाकारला गेला त्यांची अकरा छायाचित्रे निघत नाहीत. पण मालिकेचा खरा बोध वेगळा आहे. असुरक्षितता ही माणसाची एक अवस्था आहे, तो माणूस नव्हे, एवढे सांगायला छायाचित्रकाराला चौदा वर्षे परत परत जावे लागले.

हे सारे छायाचित्रकारांविषयी झाले. पण हा अंक लेखकांचा आहे आणि आम्ही लेखकही चेहरेच काढत असतो. गेल्या काही दशकांत आपल्या कथा-कवितांतून मोहल्ल्याची भीती आली, तलाक दिलेल्या बाईची अगतिकता आली, दंगलीनंतरचे रिकामे घर आले. ते यायलाच हवे होते. ज्यांच्या दुःखाला मराठीत जागा नव्हती त्यांनी ती मिळवली. पण आज मागे वळून पाहताना आम्हाला एक शंका छळते. आपणही हात जोडलेल्या माणसाचेच चित्र पुन्हा पुन्हा काढत आलो काय? व्यासपीठावर त्या चित्राला टाळ्या मिळतात, सहृदय माणसांचे डोळे पाणावतात. सहानुभूती मिळते आणि माणूस त्या एकाच पवित्र्यात गोठून जातो. ज्या शेजारणीच्या दुःखावर आम्ही कथा लिहिली तिला ती कधी वाचून दाखवली होती काय? या प्रश्नाचे आमचे स्वतःचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते लिहिताना आम्हाला संकोच वाटतो.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मार खाणाऱ्या माणसाचा चेहरा मार थांबण्याआधी हजारो फोनवर पोचलेला असतो. कधी पुरावा म्हणून पोचतो, कधी करमणूक म्हणून. अशा काळात चांगल्या व्यक्तिचित्राची कसोटी प्रकाश, चौकट आणि धाडस यांवर थांबू शकत नाही. समोरच्याला विचारण्याची मुभा होती का, उत्तर ऐकून नाही म्हणण्याची सोय होती का, आणि चित्र काढणारा पुन्हा त्या दारात गेला का, हेही पाहावे लागेल. अमानत ठेवून घेणाऱ्यावर ती जशीच्या तशी परत करण्याची जबाबदारी असते, हे आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. चेहऱ्याला तोच नियम लावायला हरकत नसावी.

दादी हजहून सुखरूप परतली आणि पुढे बरीच वर्षे जगली. अर्जाला लागून उरलेल्या तिच्या फोटोच्या दोन प्रती तिने रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. कुणी मागितली तर देत नसे. ती गेल्यावर त्यातली एक आम्ही मोठी करून घेतली. करणाऱ्याने विचारले, चेहऱ्यावरची भीती थोडी कमी करू का, आता संगणकावर सगळे होते. आम्ही नको म्हटले. ते मोठे केलेले छायाचित्र आम्ही भिंतीवर मात्र लावले नाही. डब्यातच ठेवले आहे. ते कुठे कुठे जाणार, हे दादीला विचारायचे राहून गेले.